'चार्जिंग संपली'ला इंग्रजीत काय म्हणायचे?

इंग्रजी संभाषणाचे कोणतेही पुस्तक उघडा, 'रोजच्या जगण्यात तंत्रज्ञान' हा धडा त्यात सापडतोच. परदेशी जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस परीक्षेत तोंडी प्रश्न याही विषयावर येतात, इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये गटचर्चाही यावर होते, आणि दहावीच्या तोंडी परीक्षेत बोलायला सांगतात तेही पुष्कळदा मोबाइलबद्दल. मराठी मुलांना या विषयाची ओळख फार जुनी आहे. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपल्या कित्येक पिढ्यांनी लिहिला. आधी त्यात अणुबॉम्ब होता, मग दूरदर्शन आले, मग मोबाइल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. सांगाडा तोच राहिला: चार फायदे, चार तोटे आणि शेवटी 'वापर आपल्या हाती'. त्या निबंधात लिहिणारे मूल मात्र कुठेच नसते. त्याच्या घरी फोन कोणाचा आहे, तो त्याला कधी मिळतो, त्यावर ते काय करते, हे कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाही.

इंग्रजी शिकणाऱ्यासाठी तंत्रज्ञान दोन रूपांत समोर येते. एक, ज्याच्याबद्दल बोलायचे तो विषय. दुसरे, ज्याच्या आधाराने बोलायला शिकायचे ते साधन. साधनाबद्दलचा वाद जगभर गाजला, त्यावर संशोधन झाले, पैसा खर्च झाला. विषयाबद्दलची चर्चा पाठ्यपुस्तकाच्या समित्यांपलीकडे फारशी गेली नाही. माझ्या मते ही फारकतच मुळात चुकीची आहे, म्हणून या आढाव्यात दोन्ही धागे एकत्र ठेवले आहेत.

छापखान्यापासून खिशापर्यंत

मराठी माणसाला इंग्रजीकडे नेणारे पहिले यंत्र छापखाना. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेच शेजारी-शेजारी दोन स्तंभांत, एकीकडे मराठी आणि एकीकडे इंग्रजी. डावी-उजवीकडे नजर फिरवत इंग्रजी शिकण्याची सोय त्या मांडणीतच होती. पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेने मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा, हा रस्ता घालून दिला आणि तो शंभर वर्षांहून जास्त चालला. नंतर घरोघरी इंग्रजी बोलायला शिकवणारे 'रॅपिडेक्स' आले. कपिल देव त्याच्या जाहिरातीत होता, त्यामुळे ते पुस्तक न वाचलेल्यांनाही माहीत असे.

आवाज आला तो रेडिओतून. बीबीसीने १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ मध्ये साधारण १,५०० शब्दांच्या मर्यादेत, मुद्दाम संथ लयीत बातम्या वाचायला घेतल्या. परक्या भाषेतल्या बातम्या कळण्याइतक्या सावकाश ऐकवणे ही साधी वाटणारी कल्पना होती, पण शिकणाऱ्याच्या कानाचा त्यात खरा विचार होता. १९५८ साली हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था उभी राहिली. महाविद्यालयांत भाषा-प्रयोगशाळा आल्या: कानाला हेडफोन, पुढ्यात टेप, ऐका आणि म्हणा. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर दिसू लागले.

या सगळ्या साधनांत एक उणीव समान होती. ती बोलत, शिकणारा ऐके. त्याने चुकीचा उच्चार केला तरी रेडिओला त्याचा पत्ता नसे. शिकणाऱ्याचा आवाज ऐकणारे साधन यायला फार वर्षे लागली.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे ज्या मुलांच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, अशी लाखो सहा वर्षांची मुले एकदम इंग्रजीसमोर बसली, आणि त्यांना शिकवणारे बरेच शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले होते. साधनांकडे इतक्या आशेने का पाहिले गेले, याचे उत्तर पुष्कळसे इथे आहे. पुढच्या घटना भराभर घडल्या. २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे सरकारी व्यासपीठ आले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि फोन हीच शाळा झाली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामाचा मोठा वाटा होता.

साधन शिकवते का?

या प्रश्नावर एक बाजू अशी की साधन कोणतेही असो, शिकणे साधनामुळे होत नाही. अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये हे ठामपणे मांडले. किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे घरातल्यांचे पोषण सुधारत नाही, ते आत आलेल्या धान्याने सुधारते. तसेच शिकवण्याची पद्धत महत्त्वाची, ती टीव्हीवरून आली की पुस्तकातून हे गौण, असा त्यांचा दाखला. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे, काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच शक्य होतात, त्यामुळे माध्यम आणि पद्धत वेगळी काढताच येत नाही. भाषेपुरते पाहिले तर मला कोझ्मांचा मुद्दा अधिक पटतो. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकणे ही गोष्ट वहीत होणे नाही. पण फळ्यावरचेच व्याकरण पडद्यावर दाखवणाऱ्या 'डिजिटल वर्गां'ना क्लार्क यांची टीका पुरेपूर लागू पडते.

भारतात हा वाद गाजला तो शिक्षणसंशोधक सुगता मित्रांमुळे. २६ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी दिल्लीच्या कालकाजीत वस्तीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला. कोणी न शिकवता मुले तो वापरू लागली. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांचा कमी चर्चिला गेलेला दुसरा प्रयोग जास्त मोलाचा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हैदराबादेतल्या अभ्यासात १६ मुलांना बोललेले शब्द लिहून दाखवणारी संगणक-प्रणाली दिली होती, सोबत इंग्रजी चित्रपट. आपण बोललेले यंत्राला कळेपर्यंत मुले स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली आणि त्यांचे उच्चार सुधारले. मुलांची जिद्द त्यात दिसते. पण मोजपट्टी यंत्राची होती, आणि यंत्राला ओळखीच्या वाटणाऱ्या उच्चाराकडे मुले सरकली, हेही त्यातच दिसते.

टीकाकारांनी मित्रांचे दावे तपासले. मार्क वॉर्शॉअर यांना दिल्लीत मुले बहुतेक वेळ खेळांत आणि चित्रे रंगवण्यात गुंतलेली दिसली. मुलांना येणाऱ्या हिंदीत तिथे मजकूरच नव्हता. पायल अरोरा यांनी उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबाग इथली केंद्रे बंद पडलेली पाहिली आणि ती का टिकली नाहीत याचा शोध घेतला. दोघांचाही रोख एकच: मुले शिकतात हे खरे, पण काय शिकतात आणि कोणाच्या सोबतीने, हे सोडून देता येत नाही.

या दोन टोकांमध्ये एक मधली वाट तयार झाली. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाचा कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियान यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१९ विद्यार्थी होते आणि संधी चिठ्ठ्या टाकून दिली होती. साडेचार महिन्यांत गणितात प्रमाण विचलनाच्या ०.३७ पट आणि हिंदीत ०.२३ पट सुधारणा दिसली. कारण असे सांगितले जाते की मूल ज्या पातळीवर खरोखर आहे तिथून कार्यक्रम सुरू होतो. इयत्ता सातवी म्हणून सातवीचे माथी मारत नाही. हा पुरावा भक्कम आहे. तो गणित आणि हिंदीचा आहे, इंग्रजी बोलण्याचा नाही, एवढे मात्र तो पुढे करणारे बहुधा सांगत नाहीत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एमआयटीच्या साथीने चालवलेल्या 'क्लिक्स' प्रकल्पात इंग्रजी संभाषणाचा भाग होता, आणि महाराष्ट्रात २०१६ पासून 'तेजस' प्रकल्पाने इंग्रजीच्या शिक्षकांचे गट बांधले. दुसऱ्या प्रकल्पाचे वेगळेपण मला महत्त्वाचे वाटते. त्यात साधन मुलांच्या नव्हे, शिक्षकांच्या कामी आले: ठरावीक काळाने भेटायचे आणि मधल्या काळात फोनवरच्या गटात बोलत राहायचे. ज्या शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, त्याला बोलायला सहकारी मिळणे ही छोटी गोष्ट नाही.

विषय म्हणून तंत्रज्ञान

आता दुसरा धागा. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण बाजूला ठेवून मुलांपुढे कामे ठेवायची: रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी शोधा, नकाशा वाचून रस्ता सांगा. डोके कामात गुंतले की भाषा मागून येते, हा त्यांचा सिद्धांत. जगभरच्या इंग्रजी अध्यापनावर त्याचा परिणाम झाला. आज त्या वेळापत्रकाच्या जागी तिकीट काढायचे ॲप आहे. म्हणजे प्रभूंना कागदावर रचावी लागणारी कामे आता मुलाच्या हातात आयती आहेत, आणि त्यांच्या बटणांवरची भाषाही इंग्रजी आहे. तरी वर्गात आपण 'शाप की वरदान' विचारतो.

स्टीफन बॅक्स यांनी २००३ मध्ये असे मांडले की साधन वापरणे पेन वापरण्याइतके अंगवळणी पडले, ते डोळ्यांना दिसेनासे झाले, की मगच ते शिक्षणात खरे रुजले. फोन आज तसाच झाला आहे. पण इतक्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीबद्दल बोलणे अवघड असते. ती कृती आपल्याला हातांनी येते, शब्दांनी नाही.

मराठी मुलांची अडचण इथे फार ठोस आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही. आपण तंत्रज्ञानाबद्दल इंग्रजी शब्द वापरूनच बोलतो, पण ते शब्द मराठीत येऊन मराठी झाले आहेत. 'रेंज नाही' हे आपण म्हणतो. इंग्रजी बोलणारा तिथे 'सिग्नल' म्हणतो. आपला फोन 'हँग' होतो, त्याचा 'फ्रीझ' होतो. आपण झेरॉक्स काढतो, तो फोटोकॉपी. वीज गेली की आपली 'लाइट' जाते, त्याची 'पॉवर'. आणि 'चार्जिंग संपली' हे वाक्य तर शब्दाला शब्द लावून 'माय चार्जिंग इज फिनिश्ड' असे बाहेर पडते, पण ऐकणाऱ्याला 'द बॅटरी इज डेड' याची सवय असते. शब्द येत नाही म्हणून ही मुले अडत नाहीत. शब्द येतो असे वाटते, तिथे ती अडतात.

क्रियापदांत तर हे आणखी खोल जाते. मराठीत 'लावणे' या एका क्रियापदावर आपण अर्धे यंत्रयुग चालवतो. फोन लावतो, टीव्ही लावतो, गजर लावतो, पासवर्ड लावतो, मोबाइल चार्जिंगला लावतो. इंग्रजीत या पाचांसाठी चार क्रियापदे लागतात: कॉल, टर्न ऑन, सेट, प्लग इन. 'फोन लागत नाही' हे तर इंग्रजीत शब्दाला शब्द लावून सांगताच येत नाही. तिथे 'आय कान्ट गेट थ्रू' असे वेगळ्याच क्रियापदाने म्हणावे लागते. मराठी मुलांसाठी तंत्रज्ञानावरचा इंग्रजी धडा लिहायचा तर त्याची सुरुवात मी 'लावणे'पासून करीन.

यावर एक रास्त आक्षेप आहे. 'मिस्ड कॉल देणे' ही भारतीय इंग्रजीची देणगी आहे, ती चूक का मानायची? १९९० आणि १९९१ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि ब्रज काचरू या भाषाशास्त्रज्ञांत हाच वाद रंगला. क्वर्क यांचे म्हणणे, शिकणाऱ्याला प्रमाण इंग्रजीच द्या, नाहीतर बाहेर त्याचे नुकसान होईल. काचरू यांचे म्हणणे, भारतासारख्या देशांत इंग्रजीला स्वतःचे नियम आले आहेत आणि ते चुका म्हणून झटकून टाकता येणार नाहीत. दोघांचे खरे आहे, आणि प्रश्न ऐकणारा कोण हा आहे. पुण्यातल्या सहकाऱ्याला 'माय फोन इज हँग' कळते. दुबईतल्या फिलिपिनो वरिष्ठाला कळेल का? परदेशात काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या मराठी मुलांची गाठ बहुतेक वेळा अशाच माणसांशी पडते, ज्यांची पहिली भाषाही इंग्रजी नाही. त्यांच्यासाठी कोणते इंग्रजी शिकवायचे, याचे उत्तर क्वर्क-काचरू वादात पूर्ण मिळत नाही.

यंत्र ऐकू लागले

रेडिओची जुनी उणीव गेल्या काही वर्षांत भरून निघाली. गुगलने २०१९ मध्ये आणलेले 'बोलो', म्हणजे आताचे 'रीड अलाँग', मूल मोठ्याने वाचत असताना ऐकते आणि अडले की मदत करते. मराठीतही आणि इंग्रजीतही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि पुढे इंग्रजीत कितीही वेळ, न कंटाळता, न हसता बोलणारा सोबती मिळाला.

'न हसता' हे शब्द जपून लिहिले आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी जणांचे इंग्रजी अडते ते व्याकरणापाशी कमी आणि लोक हसतील या भीतीपाशी जास्त. यंत्रासमोर ती भीती नसते, हे यंत्राच्या बाजूचे सर्वांत मोठे म्हणणे आहे आणि ते हलके लेखू नये. दुसरी बाजू म्हणते, भीती माणसांची आहे, ती माणसांत बोलूनच जाईल. यंत्राशी बोलण्यात पटाईत झालेला मुलाखतीच्या खोलीत पुन्हा गप्पच बसेल. नेमके काय घडते, याचा दीर्घकाळ पाहून केलेला अभ्यास मराठी शिकणाऱ्यांवर तरी माझ्या वाचनात आलेला नाही.

लेखनात वेगळीच कोंडी झाली आहे. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणारी यंत्रे निघाली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी ही पहिली भाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजी परीक्षेतले ९१ निबंध दिले, तर त्यांतले सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्रांनी खोटेच 'यंत्रलिखित' ठरवले. साधी वाक्ये आणि मोजके शब्द हे त्याचे कारण. म्हणजे प्रामाणिकपणे, जपून इंग्रजी लिहिणाऱ्यावरच संशय. परीक्षकांनी या निष्कर्षाची दखल घ्यायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

आणि भाषांतर? गुगलच्या भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली, सरकारचे 'भाषिणी' २०२२ मध्ये. यंत्रच भाषांतर करणार असेल तर इंग्रजी शिकायचे कशाला, असे काही जण विचारतात. माहिती वाचण्यापुरते त्यांचे बरोबर आहे. पण नोकरी देणारा मुलाखत घेतो ती उमेदवाराची, त्याच्या फोनची नव्हे.

फोन कोणाचा?

वरची सगळी चर्चा हातात फोन आहे असे धरून चालते. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालासाठी २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातल्या ३४,७४५ मुलामुलींची पाहणी झाली. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांत मुलग्यांपैकी ४३.७ टक्के जणांचा फोन स्वतःचा होता, मुलींपैकी १९.८ टक्के जणींचा. इंग्रजी वाक्ये वाचता येणारे ५७.३ टक्के, आणि त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला.

याच अहवालातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. प्रादेशिक भाषा वाचण्यात मुली मुलग्यांच्या पुढे होत्या. इंग्रजी वाचण्यात त्या मागे पडल्या. भाषेची उपजत समज कमी असती तर त्या दोन्हीत मागे असत्या. एकीकडे पुढे आणि दुसरीकडे मागे, याचे कारण घरातल्या फोनमध्ये आहे, शाळेच्या निवडीत आहे की आणखी कशात, हे अहवाल सिद्ध करत नाही. पण भाऊ स्वतःच्या फोनवर रात्री इंग्रजी व्हिडिओ पाहतो आणि बहिणीला तोच फोन स्वयंपाक आवरल्यावर, कोणाच्या तरी नजरेसमोर मिळतो, अशा घरात दोघांना 'तुझ्या जगण्यात तंत्रज्ञान' या एकाच विषयावर बोलायला लावणे, म्हणजे दोन वेगळे प्रश्न एकाच गुणपत्रिकेवर तपासणे आहे.

अजून न सुटलेले

फोनमुळे डोळ्यांखालून जाणारे इंग्रजी ओठांवर येते का, हा यातला मूळ प्रश्न, आणि त्याला थेट उत्तर नाही. 'सबमिट', 'कॅन्सल', 'ट्रान्झॅक्शन फेल्ड' हे शब्द आज भाजीवालीही दिवसातून अनेकदा ओळखते. ओळखणे आणि बोलणे यांच्यामधले अंतर किती, ते कशाने कमी होते, हे मोजायचे तर बोलणे मोजावे लागेल. इथे आपली व्यवस्था कच्ची आहे. दहावीच्या इंग्रजीला तोंडी आणि अंतर्गत कामाचे २० गुण आहेत, पण ते शाळेतच दिले जातात, त्यामुळे दोन शाळांतल्या मुलांचे बोलणे ताडून पाहता येत नाही.

यंत्राचे उच्चार ऐकून शिकलेली मुले कोणाचे इंग्रजी बोलतील, हाही प्रश्न उघडा आहे. आणि तिसरा, ज्यावर मला सर्वांत कमी लिहिलेले आढळले: मराठीतून इंग्रजीत जाताना नेमक्या कुठे ठेचा लागतात, 'लावणे', 'रेंज', 'चार्जिंग' यांसारख्या, याची शिक्षकांनी मिळून केलेली यादी. ती करायला ना संगणक-प्रयोगशाळा लागते ना अनुदान. नववीच्या एखाद्या वर्गात 'काल फोनवर काय केलेस ते इंग्रजीत सांग' असे विचारायचे, आणि मुले जिथे थांबतील तो शब्द लिहून घ्यायचा.